नांदेड-लातूरमधील भारतीय जनता पक्ष : नेते आणि संघटक

नांदेड आणि लातूर या दोन्ही लोकसभा मतदारसंघांतून भारतीय जनता पक्षाचा खासदार पहिल्यांदा निवडून गेला तो २००४ साली. लातूरमध्ये रूपाताई पाटील निलंगेकर यांनी १९८० पासून सलग सात वेळा जिंकत आलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांचा पराभव केला, नांदेडमध्ये डी. बी. पाटील विजयी झाले. त्याच निवडणुकीत दिल्लीतले वाजपेयी सरकार गेले. देशभर पक्षाची पीछेहाट होत असताना काँग्रेसच्या या दोन बालेकिल्ल्यांत मात्र त्याला प्रथमच शिरकाव मिळाला. पक्षाचा पूर्वावतार असलेल्या जनसंघाच्या स्थापनेपासून मोजले तर हा दिवस उगवायला ५३ वर्षे लागली. या काळात काम कोणी केले, ती माणसे समाजाच्या कोणत्या थरांतून आली आणि यश मिळाल्यावर पक्षात त्यांचे स्थान काय राहिले, हे समजून घेतल्याशिवाय इथल्या राजकारणाचा अर्थ लागत नाही. सुरुवातीच्या काळात संघटकांनी नेते घडवले. पुढे तयार नेते आपापला गोतावळा घेऊन पक्षात आले आणि संघटकांना त्यांच्यासाठी काम करावे लागले. दोन्ही जिल्ह्यांतील पक्षाच्या वाटचालीतला खरा ताण या बदलात आहे.

हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामी राजवटीत उघड राजकारणाला फारशी मोकळीक नव्हती. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. त्यामुळे लोकांच्या असंतोषाला वाट मिळाली ती वाचनालये, शाळा, गणेशोत्सव आणि आर्य समाज यांतून. आर्य समाजाचे उदगीर हे मोठे केंद्र होते. तिथले भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल हे बंधू या चळवळीचे आधारस्तंभ. श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षीच्या सत्याग्रहाला त्यातून धार आली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. अत्याचार करणारे आणि त्यांच्याशी झुंजणारे, दोघेही याच गावांतले. त्या दिवसांच्या आठवणी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, आणि राष्ट्रवादी विचाराच्या पक्षाला इथे आयती जमीन मिळायला हवी होती असे वरवर पाहता वाटते.

तसे घडले नाही. मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते आणि त्या लढ्याची पुण्याई काँग्रेसच्या खात्यावर जमा झाली. जे काँग्रेसवर नाराज होते त्यांच्यासाठी शेतकरी कामगार पक्ष होता. कंधारचे केशवराव धोंडगे आणि उस्मानाबादचे उद्धवराव पाटील यांची गावागावांत पकड होती. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी दिल्लीत स्थापन झालेला भारतीय जनसंघ मराठवाड्यात पोहोचला तेव्हा सत्तेची आणि विरोधाची अशा दोन्ही जागा भरलेल्या होत्या. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला तरी हे चित्र बदलले नाही. अख्ख्या महाराष्ट्रात १९७२ पर्यंत जनसंघाचे आमदार कधी पाचांच्या वर गेले नाहीत.

जनसंघाची माणसे होती ती शहरांत. नांदेडच्या आणि लातूरच्या जुन्या पेठांमधले व्यापारी, वकील, शिक्षक, डॉक्टर, काही किराणा दुकानदार. जातीने पाहिले तर ब्राह्मण, मारवाडी, काही लिंगायत घरे. पक्षाला ‘शेठजी-भटजींचा’ म्हणून हिणवले जाई, आणि सभासदांची यादी पाहिली तर तो आरोप अगदीच निराधार नव्हता. या माणसांची कामाची पद्धत मात्र वेगळी होती. संघटनमंत्री एसटीने गावी यायचा, लॉजवर न उतरता कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम करायचा, तिथेच भाकरी खायचा, रात्री ओसरीवर दहाबारा जणांची बैठक घ्यायचा आणि सकाळच्या गाडीने पुढच्या गावाला निघायचा. घरातल्या बायकामुलांशी त्याची ओळख व्हायची. निवडणूक हरली तरी हा येणारा माणूस थांबत नसे. हरण्याची सवय असलेल्या पक्षाला अशा प्रवासानेच जिवंत ठेवले.

पक्षाच्या नावाविना झालेले कामही या हिशेबात धरले पाहिजे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६६ मध्ये ते सुरू केले. शिकून पुण्या-मुंबईत व्यवसाय मांडायचा सोडून ही मंडळी संघविचाराच्या प्रेरणेने तेव्हाच्या लहानशा लातुरात आली आणि परवडणाऱ्या दरात उपचार देणारी संस्था त्यांनी उभी केली. डॉ. कुकडे यांनी संघात मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या, पण निवडणुकीच्या राजकारणात ते पडले नाहीत. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. अशा संस्थांमुळे मते मिळतात का, याचे सरळ उत्तर देता येत नाही. या रुग्णालयाच्या पहिल्या कित्येक दशकांत लातूरने काँग्रेसलाच निवडून दिले. विचाराबद्दलची अढी मात्र त्यामुळे कमी झाली. ज्यांच्या घरचे बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया तिथे झाली, त्यांना हे लोक परके राहिले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्वयंसेवक ढिगारे उपसायला धावले, तेव्हा ही ओळख औसा-निलंग्याच्या खेड्यांपर्यंत गेली.

आणीबाणी हा या पिढीचा कसोटीचा काळ. १९७५ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. त्यांच्याच मराठवाड्यातले जनसंघाचे आणि विद्यार्थी परिषदेचे कार्यकर्ते मिसाखाली तुरुंगात गेले. त्याच्या आधीच्याच वर्षी मराठवाडा विकास आंदोलनाने विद्यार्थ्यांची एक पिढी रस्त्यावर आणली होती. तिच्यातल्या अनेकांना तुरुंगाने पक्के राजकारणी बनवले. १९७७ च्या लाटेत नांदेडमधून धोंडगे आणि लातूरमधून उद्धवराव पाटील लोकसभेत गेले, म्हणजे काँग्रेसविरोधाचा मान त्याही वेळी शेकापकडेच राहिला. पुढे ही जागा जनता दलाने घेतली. १९८९ मध्ये नांदेडला डॉ. व्यंकटेश काब्दे निवडून आले, आणि १९९५ मध्ये लातूर विधानसभेत शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी विलासराव देशमुखांना धक्का दिला. काँग्रेसला पाडता येते हे मतदाराला भाजपच्या कितीतरी आधी समजले होते. ते काम आपल्या चिन्हावर करून घेणे एवढेच भाजपला जमत नव्हते.

ते जमायला लागले अंबाजोगाईच्या दोन मित्रांमुळे. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची मैत्री अंबाजोगाईच्या महाविद्यालयीन दिवसांतली, आणीबाणीत दोघेही नाशिकच्या तुरुंगात. महाजनांचे क्षेत्र पुढे मुंबई आणि दिल्ली झाले. आखणी, पैसा, युत्या, माध्यमे यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुंडे गावाकडचे राहिले. परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे, वंजारी समाजातले, शेतकरी घरातले मुंडे जिल्हा परिषदेपासून वर आले. ६ एप्रिल १९८० रोजी भाजप स्थापन झाला आणि त्याच वर्षी रेणापूर मतदारसंघातून ते विधानसभेत गेले. आज रेणापूर तालुका लातूर जिल्ह्यात आहे, आणि मुंड्यांचे नाव तिथे अजूनही घरच्या माणसासारखे घेतले जाते. १९८५ मध्ये ते हरले, पण १९९० पासून चार वेळा सलग त्याच जागेवरून निवडून आले.

मुंड्यांना घडवणाऱ्या माणसाचे नाव सामान्य वाचकाला फारसे ठाऊक नसते. वसंतराव भागवत हे जनसंघाचे आणि नंतर भाजपचे महाराष्ट्रातले संघटनमंत्री. ब्राह्मण-व्यापारी वर्तुळात अडकलेला पक्ष खेड्यात न्यायचा तर नेतृत्व बहुजन समाजातून उभे राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. माळी, धनगर आणि वंजारी या समाजांना जोडून घेण्याचा ‘माधव’ हा आराखडा त्यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांनी तरुण मुंड्यांना हेरले, पुढे केले आणि स्वतः पडद्यामागे राहिले. मराठवाड्यात या आराखड्याला विशेष अर्थ होता. इथे सत्ता म्हणजे साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था. या चारही ठिकाणी प्रामुख्याने मराठा समाजातील मोठी घराणी बसलेली. लातूरला देशमुखांचा मांजरा कारखाना, नांदेडला चव्हाणांचा भाऊराव चव्हाण कारखाना. ऊसतोडीला जाणारा वंजारी मजूर, मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, अहमदपूर-मुखेडच्या डोंगराळ पट्ट्यातला कोरडवाहू शेतकरी, किनवटच्या जंगलातला आदिवासी यांना त्या रचनेत शेवटची जागा होती. मुंड्यांनी या लोकांच्या भाषेत सभा गाजवल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर त्यांनी पाठिंब्याची बाजू घेतली, हेही विसरता कामा नये. त्या वेळी मराठवाड्यात असे करणे सोपे नव्हते. शिवसेनेशी १९८९ मध्ये युती झाली, १९९५ मध्ये मुंडे उपमुख्यमंत्री झाले, आणि नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्याला मंत्रालयात आपला माणूस मिळाला.

१९८९ चे नांदेड सोडले तर या काळातही लोकसभेच्या जागा मात्र काँग्रेसकडेच राहिल्या. चाकूरकरांसमोर उभे राहणाऱ्यांना पराभवाची खात्री असायची. उमेदवार ठरवायचा, झेंड्याची फाटकी कापडे जमवायची, दोन जीपमध्ये सहा तालुके पालथे घालायचे आणि मतमोजणीच्या दिवशी शांतपणे घरी यायचे, हे काम तीन-चार निवडणुका करणारी माणसे प्रत्येक तालुक्यात होती. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

२००४ चा विजय या माणसांच्या श्रमांवर उभा होता, पण उमेदवार त्यांच्यातला नव्हता. रूपाताई या माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या सूनबाई. काँग्रेसच्या एका मोठ्या घराण्यात फूट पडली आणि तिचा लाभ भाजपला झाला. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव संभाजी पाटील यांनी निलंग्यात खुद्द आजोबांना हरवले. २००९ मध्ये आजोबांनी नातवाला हरवून उट्टे काढले. लातूरने लोकसभेवर पाठवलेल्या रूपाताई या आजवरच्या एकमेव महिला आहेत. त्यांचा विजय पक्षाच्या दृष्टीने दुहेरी धडा ठरला. घराण्याचे वलय आणि संघटनेचे मनुष्यबळ एकत्र आले तर चाकूरकरांसारखा नेताही पडतो. आणि घराणे एकदा आत आले की तालुक्यातला जुना संघटक दुसऱ्या रांगेत जातो.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने संघटनेचा नकाशाच बदलला. लातूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि तिच्यात नांदेड जिल्ह्यातला लोहा आला. औसा उस्मानाबाद लोकसभेत गेला, तर किनवट आणि हदगाव हिंगोलीत. परिणामी एका जिल्हाध्यक्षाला दोन-दोन, तीन-तीन लोकसभा उमेदवारांचे काम पाहावे लागते, आणि लोह्याच्या कार्यकर्त्याला बैठकीसाठी कधी नांदेडला तर कधी लातूरला जावे लागते. या राखीव जागेसाठी पक्षाने डॉ. सुनील गायकवाड यांना पुढे आणले. २०१४ मध्ये ते निवडून आले. २०१९ मध्ये त्यांच्याऐवजी सुधाकर शृंगारे यांना उमेदवारी मिळाली आणि तेही विजयी झाले. उदगीर या राखीव विधानसभा जागेवर सुधाकर भालेराव २००९ आणि २०१४ असे दोनदा जिंकले. दलित समाजातून नेतृत्व उभे करण्याचे काम पक्षाने इथे केले, पण उमेदवार बदलत राहिल्याने ते खोलवर रुजले नाही.

३ जून २०१४ रोजी मुंडे यांचे अपघाती निधन झाले. केंद्रात मंत्री होऊन आठवडाभरच झाला होता. मराठवाड्यातल्या संघटनेची अनेक सूत्रे त्यांच्या व्यक्तिगत संबंधांवर चालत होती. ती एका रात्रीत सुटली. त्यानंतर लातूरमध्ये दोन नेते पुढे आले. संभाजी पाटील निलंगेकर मंत्री आणि पालकमंत्री झाले. औशाचे अभिमन्यू पवार हे देवेंद्र फडणवीस यांचे स्वीय सहायक म्हणून काम करता करता २०१९ मध्ये आमदार झाले. एकाकडे घराण्याचा वारसा, दुसऱ्याकडे मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातला अनुभव. जुन्या संघटकाची वाट यांपैकी कुठलीच नव्हती.

२०१७ हे वर्ष शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये लातूर महापालिकेत भाजपने ७० पैकी ३६ जागा जिंकल्या. आधीच्या सभागृहात पक्षाचा एकही नगरसेवक नव्हता. आदल्या वर्षी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराने काँग्रेसला घरी बसवले. ऑक्टोबरमध्ये नांदेड-वाघाळा महापालिकेत मात्र काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या आणि भाजपला सहांवर समाधान मानावे लागले. दोन्हीकडे पक्ष तोच, राज्यातले सरकार तेच, बाहेरून घेतलेल्या उमेदवारांची भरतीही सारखीच. नांदेडमध्ये अशोक चव्हाणांची प्रभागनिहाय पकड शाबूत होती आणि तिला तोंड देईल अशी भाजपची बूथरचना नव्हती. लातूरचा विजयही टिकाऊ ठरला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपचे काही नगरसेवक फुटले आणि बहुमत असूनही महापौरपद काँग्रेसकडे गेले. घाईने गोळा केलेले बहुमत किती ठिसूळ असते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

कागदावर पक्षाची रचना अत्यंत काटेकोर आहे. मतदारयादीच्या एका पानासाठी पन्नाप्रमुख, एका केंद्रासाठी बूथप्रमुख, काही बूथ मिळून शक्तिकेंद्र, त्यावर मंडल, त्यावर जिल्हा. शेजारी युवा, महिला, किसान, अनुसूचित जाती असे मोर्चे. विभागीय संघटनमंत्री सहसा संघाच्या शिस्तीत वाढलेला असतो आणि स्वतः निवडणूक लढवत नाही. पन्नाप्रमुखाचे काम ऐकायला किरकोळ वाटते : पानावरच्या घरांत मयत कोण, लग्न होऊन गेलेली मुलगी कोणती, पुण्याला कामाला गेलेला मुलगा मतदानाला येणार का, रेशनकार्डाचे किंवा पीकविम्याचे काम कोणाचे अडले आहे. लहान फरकाने लागणाऱ्या निकालात हीच माहिती वजनदार ठरते. ही यंत्रणा उमेदवारावर रुसली तर काय होते, ते २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये दिसले. तिथे भाजपचे रमेश कराड तयारी करत होते. जागावाटपात ती जागा शिवसेनेला गेली. काँग्रेसचे धीरज देशमुख जिंकले, आणि दुसऱ्या क्रमांकाची मते ‘नोटा’ला पडली. कार्यकर्त्यांची नाराजी इतक्या उघडपणे मतयंत्रातून बाहेर पडल्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार थोडी आहेत.

पक्षाच्या नेत्यांमध्ये वेगळा उल्लेख हवा तो पाशा पटेल यांचा. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पटेल शेतकरी संघटनेच्या मुशीतून आले, भाजपचे आमदार झाले आणि राज्य कृषिमूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या भावाचा प्रश्न हा लातूरच्या आडत बाजाराचा आणि नांदेडच्या प्रत्येक कोरडवाहू गावाचा जिव्हाळ्याचा प्रश्न. राष्ट्रवाद, मंदिर, कलम ३७० यांवर बोलणारे वक्ते पक्षाकडे भरपूर होते. क्विंटलमागे शेतकऱ्याच्या हाती काय पडते यावर अधिकाराने बोलणारे थोडे. पटेल यांचे मोल त्यामुळे जास्त, आणि त्यांचे म्हणणे पक्षात पुरेसे ऐकले गेले नाही हे २०२४ च्या लोकसभा निकालाने दाखवले.

नांदेडमध्ये २०१९ ला प्रतापराव पाटील चिखलीकरांनी अशोक चव्हाणांना सुमारे ४० हजार मतांनी हरवले. चिखलीकरही बाहेरून आलेलेच. त्याआधी ते शिवसेनेचे आमदार होते. मुखेडला राठोड, नायगावला राजेश पवार, किनवटला भीमराव केराम अशी फळी उभी राहिली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द अशोक चव्हाण भाजपमध्ये आले. त्याच महिन्यात पक्षाने महाराष्ट्रातून राज्यसभेवर पाठवलेल्या तिघांपैकी दोघे नांदेडचे होते : एक माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण, दुसरे डॉ. अजित गोपछडे. गोपछडे हे डॉक्टर, संघाचे स्वयंसेवक आणि पक्षाच्या वैद्यकीय आघाडीचे कार्यकर्ते. २०२० मध्ये विधान परिषदेसाठी त्यांचे नाव जाहीर झाले होते. ऐनवेळी त्यांना माघार घ्यावी लागली आणि ती जागा लातूरच्या रमेश कराड यांना मिळाली. त्यांनी तक्रार न करता काम चालू ठेवले. चार वर्षांनी मिळालेली राज्यसभा ही निष्ठेची पोचपावती होती. त्याच यादीतले चव्हाणांचे नाव पक्षप्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी ठरले. दोन्ही वाटा पक्षात एकाच वेळी खुल्या आहेत, हे या यादीइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

मोठा नेता आल्याने मते आपोआप येतील हा हिशेब मात्र चुकला. २०२४ च्या लोकसभेत भाजपने मराठवाड्यात लढवलेल्या चारही जागा गमावल्या. नांदेडला काँग्रेसचे वसंतराव चव्हाण आणि लातूरला डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. मराठा आरक्षणाचे आंदोलन, सोयाबीनचे पडलेले भाव आणि संविधानाबद्दलची शंका ही कारणे सगळीकडची. नांदेडमध्ये त्यांत आणखी एक भर होती. ज्यांच्याविरुद्ध वीस-तीस वर्षे घोषणा दिल्या त्यांच्याच व्यासपीठासमोर बसायला जुना कार्यकर्ता मनाने तयार नव्हता, आणि चव्हाणांबरोबर आलेल्या माणसांना कमळाचा प्रचार करायची सवय नव्हती.

सहा महिन्यांत पारडे पुन्हा फिरले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत नांदेड जिल्ह्यातल्या नऊही जागा महायुतीने जिंकल्या, त्यांत पाच भाजपच्या. भोकरमधून अशोक चव्हाणांच्या कन्या श्रीजया आमदार झाल्या. लातूर ग्रामीणमध्ये रमेश कराड यांनी धीरज देशमुखांना हरवले, निलंगा आणि औसा भाजपने राखले. लातूर शहरात चाकूरकरांच्या सूनबाई अर्चना पाटील भाजपतर्फे अमित देशमुखांशी लढून थोड्या फरकाने हरल्या. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. त्या लोकसभा क्षेत्रातले सहाही आमदार महायुतीचे निवडून आले, तरी खासदारकीला भाजपचे संतुकराव हंबर्डे काँग्रेसच्या रवींद्र चव्हाण यांच्याकडून १,४५७ मतांनी पराभूत झाले. दोन यंत्रे समोरासमोर ठेवलेली असताना हजारो मतदारांनी दोन वेगळी बटणे दाबली. आमदारकीच्या उमेदवारांमागे गाव, जात, कारखाना आणि स्वतःची माणसे होती. लोकसभेच्या उमेदवारामागे मुख्यतः पक्ष होता. सहा मतदारसंघांत विखुरलेल्या या १,४५७ मतांचा हिशेब प्रत्येक बूथच्या पानांपर्यंत जाऊन मांडणे, हे आता नांदेडच्या संघटकांपुढचे काम आहे.